लहान फ्लॅटमधलं फोल्डिंग फर्निचर: या चुका टाळा

फोल्डिंग पलंग बंद असताना सुरेखच दिसतो, अडचण उघडताना येते. सहा फुटी गादीचा, भिंतीतून सरळ खाली येणारा पलंग खोका धरून भिंतीपासून जवळपास 7 फूट पुढे येतो. त्यापुढे चालायला दीड-दोन फूट हवेत. 10 बाय 10 च्या खोलीत मग समोर काहीच ठेवता येत नाही. रोज रात्री सोफा सरकवावा लागला, तर महिनाभरात पलंग कायमचा खालीच राहतो आणि भिंतीवरचा महागडा खोका तेवढा उरतो. अशा खोलीत आडवा उघडणारा एकेरी पलंग घ्या. त्याला साडेतीन फूट पुरतात. सुताराला बोलावण्याआधी उघड्या पलंगाचं माप खडूने फरशीवर आखा आणि चार दिवस ती रेघ सांभाळून वावरा. दार, कपाटाची झडप, कूलरचा स्टँड रेघेच्या आत येतोय का, ते तेव्हाच कळतं.

खानदेशातल्या घरात आणखी एक दिवस धरून माप घ्यावं लागतं, तो म्हणजे कानबाई देवीचे रोट. नागपंचमीनंतरच्या रविवारी ज्या घरी कानबाई बसते, तिथे सारे भाऊबंद जमतात. चौरंग मांडायची भिंतच पलंगाला दिलेली असेल, तर घरात माणसं जास्त असतील नेमक्या त्याच रात्री पलंग उघडत नाही. पूजेची भिंत वेगळी ठेवा.

भिंत कसली आहे?

सर्वांत जास्त बिघाड इथे होतात. सुतार येतो, ड्रिल मारतो, प्लास्टिकचा गुल्ला ठोकतो आणि स्क्रू आवळतो. फोटोफ्रेमला ते चालतं. चार फूट रुंद पलंगाचं प्लायवूड, गादी आणि लोखंड मिळून 60-80 किलो होतात, आणि पलंग खाली येताना सगळा खोका पुढे कलायला बघतो. ओढ वरच्या स्क्रूंवर येते.

ड्रिलचा भुगा बघा. लाल आला तर वीट, पांढुरका आणि ड्रिल लोण्यात गेल्यासारखं शिरलं तर एएसी म्हणजे हलका सिपोरेक्स ब्लॉक, करडा आणि ड्रिल अडकत गेलं तर काँक्रीट. काँक्रीटच्या कॉलम-बीममध्ये 10 मिमीचा अँकर फास्टनर (आवळल्यावर भोकात फुगून बसणारा बोल्ट) निर्धास्त बसवा. तोच फास्टनर सिपोरेक्समध्ये आवळला, तर तो फुगून ब्लॉकच फोडतो. तिथे केमिकल अँकर (भोकात रसायनाने चिकटवलेला बोल्ट) लागतो, किंवा भिंतीच्या आरपार बोल्ट घालून पलीकडून लोखंडी पट्टी द्यावी लागते. साडेचार इंची विटेच्या आडभिंतीलाही आरपार बोल्टच बरा. आमचं स्पष्ट मत असं की, नव्या इमारतींत भिंतीवर विसंबूच नये. 25 बाय 50 मिमी लोखंडी पाइपची चौकट फरशीवर उभी करा आणि वर बीमला बांधा. खर्च वाढतो, पण मग भिंत कसलीही असू दे.

पलंग खाली येत नाही, किंवा धाडकन येतो

पलंग तोलून धरणारे हायड्रॉलिक पिस्टन गादीच्या वजनावर निवडतात. गादी आणायच्या आधीच पिस्टन बसवले की नंतर जुळत नाहीत. गादी हलकी निघाली तर पलंग खाली राहत नाही, जड निघाली तर वर राहत नाही. आधी गादी, मग पिस्टन. घरच्या कापसाच्या गादीचा मोह इथे सोडा. रोज उभी राहून कापूस पायथ्याशी गोळा होतो आणि वरचा भाग नुसतं कापड उरतो. 4-5 इंची फोम घ्या.

आणखी एक गोष्ट दुकानात सांगत नाहीत. पिस्टनमध्ये दाबलेला वायू असतो. त्याचा जोर 20 अंशांना मोजलेला असतो आणि 40 अंशांना तो साधारण 7 टक्के वाढतो. जळगाव-भुसावळचा मे 45 अंशांना टेकतो. हिवाळ्यात अगदी बेताचा बसवलेला पलंग मेमध्ये वर उसळू लागतो. त्याला कुलूपपट्टी हवीच, वर आणि खाली दोन्हीकडे.

कूलरचा विसर

कॅटलॉगमधली घरं एसीची असतात. आपल्याकडे मार्च ते जून कूलर. त्याची हवा ओली असते आणि तिला खोलीबाहेर जायला वाट लागते. स्लाइडिंग पार्टिशनने एका खोलीच्या दोन केल्या की पलीकडच्या खोलीत वारा पोचत नाही आणि अलीकडची दमट होते. पार्टिशनच्या वर फूटभर जाळी किंवा झडप सोडा, आणि समोरची खिडकी रात्री वीतभर उघडी ठेवा. पार्टिशनचा ट्रॅक पीओपीच्या सीलिंगला लावू देऊ नका, स्लॅब किंवा बीममध्येच लावा. 7 बाय 3 फुटांचा 18 मिमी प्लायचा एक पल्लाच 25 किलोच्या आसपास जातो.

कूलरच्या झोतात पार्टिकल बोर्ड ठेवला तर कडा पावासारख्या फुगतात. फुगलेली कड पुन्हा बसत नाही, ती फळी बदलावीच लागते. कूलरच्या बाजूला बीडब्ल्यूपी दर्जाचा (आयएस 710), म्हणजे पाण्याला टिकणारा प्लाय वापरा, चारही कडांना पट्टी लावा, आणि खोका जमिनीपासून 4 इंच वर ठेवा. नाहीतर पोछ्याचं पाणी खालून चढतं.

पश्चिमेची भिंत संध्याकाळी तापलेली असते. तिथे कपाट ठेवा, डोकं नको.

पलंगाच्या पोटात वर्षाचं धान्य

6 बाय 4 फुटांच्या, फूटभर खोल पेटीत सुमारे 5 क्विंटल गहू मावतो. म्हणून तो भरतात. घराच्या स्लॅबचं डिझाइन साधारणपणे चौरस मीटरला 200 किलोचा वापरभार (माणसं-सामानाचं वजन) धरून होतं. ही पेटी एकटीच चौरस मीटरला सव्वादोनशेच्या घरात जाते, वर माणसं वेगळी. स्लॅब एकाएकी खचेल असं नाही, पण पेटीचा 8 मिमीचा तळ आधी झोळ खातो, मग ड्रॉवर अडकतात. ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या 18 इंची टेलिस्कोपिक चॅनलची जोडी 35-45 किलोपर्यंतची असते. त्यात दादरचं (ज्वारीचं) पोतं ठेवाल तर गोळ्या निसटणारच. गहू-दादर भिंतीलगत कोठीत ठेवा, पलंगाखाली गोधड्या ठेवा. तिथेही मागच्या फळीला बोटभर जाडीची चार-सहा भोकं पाडा, नाहीतर श्रावणात गोधड्यांना कुबट वास येतो.

वरच्या मजल्यावर झोपायचा माळा करू नका. 10 फूट उंचीत खाली साडेसहा फूट सोडले, तर वर चौकट आणि गादी जाऊन तीन फूटही उरत नाहीत. नीट बसता येत नाही, पंख्याचं पातं हातभर अंतरावर, आणि दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत तोंडावर आग ओकतो. माळा भांड्यांसाठी ठीक.

नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून जागा वाचवायला बाल्कनीत टाकी ठेवतात. 500 लिटरची भरलेली टाकी अर्ध्या टनाहून जड, आणि बाल्कनीचा स्लॅब बहुधा एकाच बाजूने धरलेला असतो. ठेवायचीच तर लहान ठेवा आणि कठड्याशी नव्हे, खोलीच्या भिंतीला चिकटून ठेवा. टाकी आधीपासून असेल आणि भिंतीलगतच्या फरशीच्या सांध्यात लांबच लांब चीर दिसली, तर आधी टाकी रिकामी करा, मग स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.