कोकणात हॉप्स लावताय? मग या चुका टाळा

"आपल्या उकाड्यात हॉप्स येतो का?" हे मला बरेच जण विचारतात. येतो. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या बोंडांचा वेल. तो जगतो, पण बोंडं धरायच्या वेळी घोटाळा होतो आणि सगळे दोष गरमीला देतात.

खरी अडचण दिवसाच्या लांबीची आहे. हॉप्सची शेती मुख्यतः ३५ ते ५५ अक्षांशांमध्ये होते, तिकडे उन्हाळ्यात दिवस १५-१६ तासांचा, आणि आपल्या रत्नागिरीत जूनमधला सगळ्यात मोठा दिवससुद्धा साधारण १३ तासांचा. दिवस लहान दिसला की वेल वाढायचं सोडून फुलायला लागतो. माझा पहिला वेल कमरेएवढा असतानाच फुलला, मोजून अकरा बोंडं आली, आणि मी आपला शेणखत घालत बसलो, त्याने काय होणार. अंधार पडला की वेलावर एलईडी बल्ब लावा, ऊन आणि बल्ब मिळून १६ तास उजेड होईल असा टायमर सेट करा, आणि वेल मांडवाला पोचला की बल्ब बंद, मग फुलं धरतात. दक्षिण आफ्रिकेत जॉर्ज शहराच्या आसपास हॉप्सची शेती आहे, तिथेही दिवे लावून पीक घेतलेलं आहे.

दुसरी मोठी चूक पावसाच्या तोंडावर लावायची. आंब्याचं कलम लावतो तसं मेमध्ये लावलं तर जुलैपर्यंत मुळं कुजतात, पानांवर केवडा (बुरशीचा रोग) येतो. मी आता ऑक्टोबर संपताना लावतो, तेही मोठ्या ड्रममध्ये, खाली भोकं पाडून आणि जांभ्याचे तुकडे टाकून, पावसात ड्रम पडवीत ओढता येतो, फक्त पागोळीखाली ठेवू नका. आपली जांभी माती आंबट असते, हॉप्सला सामू (पीएच) ६ ते ७ लागतो, म्हणून माती तपासून गरजेपुरताच चुना घाला.

बियांची पाकिटं घेऊ नका! नर आणि मादी वेल वेगळे असतात, बिअरला लागणारी बोंडं फक्त मादीला येतात, आणि बी लावलं की काय उगवेल ते फुलेपर्यंत कळत नाही. मादी वेलाचं मूळ किंवा फांदीच घ्या, कॅस्केड वगैरे जातीची.

चढवायला नायलॉनची दोरी नको, वेल घसरतो. काथ्याचा सुंभ बेस्ट, खोडावरचे बारीक काटे त्याला धरतात. आणि गुंडाळताना वरून बघितलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळा, उलटा गुंडाळलात तर तो स्वतःला सोडवून घेतो, हे मला खूप उशिरा कळलं. मार्चमध्ये पानं पिवळट ठिपक्यांची दिसली तर पान उलटं करून बघा, लाल कोळी ही बारीक कीड असते, पाण्याचा जोराचा फवारा खालून मारा.

काढायची घाई करू नका. बोंड दाबल्यावर कागदासारखं कुरकुरलं, परत फुललं आणि आत पिवळी पावडर दिसली की तयार. आमसुलासारखं उन्हात वाळवलंत तर सगळा वास गेला म्हणून समजा, सावलीत जाळीवर पंख्याखाली वाळवा, देठ कटकन मोडला की हवाबंद पिशवीत भरून फ्रीजरमध्ये. उघडी राहिली तर जुन्या चीजसारखा वास येतो. ताजीच वापरणार असाल तर वजनाने सुक्याच्या पाचसहा पट लागतात.

वेल लावायला हरकत नाही, पण महाराष्ट्रात लायसन्सशिवाय घरी बिअर आंबवणं १९४९ च्या दारूबंदी कायद्यात गुन्हा आहे, हे आधीच बघून घ्या. मी बोंडं गरम पाण्यात थोडा वेळ ठेवून गाळतो, थंड करून सोडा घालतो, एप्रिलच्या दुपारी मस्त लागतं. उरलेला चोथा मात्र अंगणात टाकू नका, कुत्र्याने खाल्ला तर त्याला ताप चढतो आणि जीवावर बेततं, सरळ खड्ड्यात पुरून टाका.