काझाहून मनालीकडे : कुंझुमचा खडीचा रस्ता गाडीने कसा पार करावा

हिमाचल प्रदेशातील काझा ते ग्रामफू हा सुमारे १३० किलोमीटरचा रस्ता स्पितीतून कुंझुम खिंडीवर चढतो आणि पलीकडे चंद्रा नदीच्या काठाने लाहौलमध्ये उतरतो. दृश्ये अप्रतिम आहेत. मात्र खिंडीपलीकडील बातल ते ग्रामफू या पट्ट्यात खडी, गोटे आणि रस्त्यावरूनच वाहणारे नाले यांच्याशी गाठ असते. जूनमध्ये बर्फ हटल्यावर रस्ता खुला होतो आणि ऑक्टोबरात पुन्हा बंद होऊ लागतो. नाल्यांचे पाणी ओसरलेले असल्याने सप्टेंबर सर्वांत सोयीचा.

पहिला निर्णय दिशेचा. मनालीहून थेट निघाल्यास सुमारे २,००० मीटरवरून एकाच दिवसात साडेचार हजार मीटरच्या कुंझुमवर पोहोचावे लागते आणि शरीराला विरळ हवेची सवय व्हायला वेळच मिळत नाही. त्याऐवजी शिमला आणि किन्नौरमार्गे मुक्काम करत काझा गाठावे, तेथे दोन रात्री राहावे आणि मग मनालीकडे उतरावे. तरीही डोकेदुखीसोबत मळमळ किंवा तोल जाणे सुरू झाले, तर पुढे चढू नये, खाली उतरावे.

काझ्यातच टाकी पूर्ण भरावी. दोर, हवा भरण्याचा पंप आणि जॅक सोबत ठेवावा, स्टेपनीतील हवा तपासून घ्यावी. खिंडीअलीकडच्या लोसर गावानंतर मोबाईलवर विसंबू नये. खडी सुरू झाली की चाकांतील हवा दहा टक्क्यांच्या आसपास कमी करावी, म्हणजे पकड सुधारते. त्याहून जास्त काढल्यास टोकदार दगडाने टायरची कड फाटण्याचा धोका वाढतो. खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांहूनही कमी असतो, त्यामुळे टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन चढावर दमते. अशा वेळी हाफ क्लचवर गाडी रेटत बसू नये, सरळ पहिला गिअर टाकावा. खिंडीतील कुंझुम मातेच्या मंदिराला गाडीसह प्रदक्षिणा घालूनच पुढे जाण्याचा तेथील चालकांचा प्रघात आहे, आणि इंजिनाला जरा उसंत द्यायलाही ही जागा बरी.

बातलकडे उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसू नये. दुसऱ्या, गरज पडल्यास पहिल्या गिअरमध्ये इंजिनालाच वेग आवरू द्यावा. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी, हा घाटाचा नियम कायद्यातही आहे. मोठा गोटा दोन चाकांच्या मधोमध घेण्याचा मोह टाळावा, कारण इंजिनाखालचे तेलाचे चेंबर फुटले तर येथे मेकॅनिक मिळणे कठीण. गोटा सावकाश चाकाखाली घ्यावा किंवा खाली उतरून हाताने बाजूला करावा.

या रस्त्याचे वेळापत्रक खरे तर पाणी ठरवते. रात्रीच्या थंडीत हिमनद्यांचे वितळणे मंदावते, त्यामुळे सकाळी घोट्याएवढा असणारा नाला उन्हाळ्यातील दुपारी तीन वाजता गाडी अडवू शकतो. म्हणून बातलजवळच्या चंद्रताल तलावाच्या अलीकडील तंबूंत मुक्काम करावा (तलावाच्या काठावर तंबू ठोकण्यास मनाई आहे) आणि पहाटे उजाडताच बातलमार्गे निघावे.

नाल्यापाशी आधी थांबावे, उतरावे आणि जमल्यास दुसरी गाडी कशी जाते ते पाहावे. खळखळणारे पाणी बहुधा उथळ असते आणि खालचे दगड उघडे करते. संथ, गुळगुळीत दिसणारा भाग खोल असू शकतो. पाणी चाकाच्या निम्म्याच्या वर असेल, तर ते ओसरेपर्यंत, वेळ पडल्यास दुसऱ्या सकाळपर्यंत थांबावे. पाण्यात उतरायचे ठरलेच, तर पहिल्या गिअरमध्ये एकसारख्या मंद वेगाने जावे. मध्येच क्लच दाबू नये, गिअर बदलू नये, ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलू नये. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नये, कारण इंजिनात पाणी शिरले असल्यास आतील दांडे वाकतात. ती दोराने ओढूनच बाहेर काढावी. पलीकडे गेल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून कोरडे करावेत.

छत्रूनंतर ग्रामफू येते. तेथून कोकसरकडे वळून ९.०२ किलोमीटरच्या अटल बोगद्यातून मनाली गाठता येते, रोहतांग चढावे लागत नाही. मात्र बोगद्याकडील डांबरावर वेग वाढवण्यापूर्वी पंपाने चाकांत हवा पूर्ववत भरावी आणि गाडीखाली वाकून तेल कोठे ठिबकत नाही ना, हे पाहावे.