मॉडबस अडखळतंय? आधी मल्टिमीटर लावा

मॉडबसच्या (कारखान्यातली उपकरणं एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात ती) लाइनवर नवा ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं उपकरण) जोडला की जुनी एनर्जी मीटरंही मधूनच गायब होतात, आणि आपण बॉड रेट नि पॅरिटी (संवादाचा वेग नि चूक पकडायची सेटिंग) तपासत अर्धा दिवस घालवतो. मागच्या आठवड्यात अंबड एमआयडीसीत मीही तेच केलं. दोष निघाला एका डिप स्विचमध्ये. लाइनच्या मधोमध बसवलेल्या ड्राइव्हचं टर्मिनेशन (सिग्नल परत उसळू नये म्हणून फक्त लाइनच्या दोन टोकांना लागणारा रेझिस्टर) 'ऑन' होतं. स्विच इतका बारीक की टेस्टरचं टोकही जाईना, शेवटी पेन्सिलीने सरकवला.

आता आरएस-४८५ च्या (मॉडबस ज्या वायरींवरून चालतो त्या लाइनच्या) तक्रारीला लॅपटॉप उघडायच्या आधी एवढं करतो:

१. लाइनवरच्या सगळ्या उपकरणांची पॉवर बंद. एखादं चालू राहिलं तर आकडा खोटा येतो.
२. मल्टिमीटर ओहमवर ठेवून पीएलसीच्या (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या) टर्मिनलवर ए आणि बी या दोन सिग्नल वायरींमध्ये मोजा.
३. ६० च्या आसपास आलं तर दोन्ही टोकांना १२०-१२० ओहम आहेत, ठीक. १२० आलं तर एक रेझिस्टर नाही किंवा मधे वायर तुटलीय. ४० आलं तर कुठेतरी तिसरा घुसलाय.

तिसरा शोधायला टोकाची दोन सोडून मधल्या एकेक उपकरणाचा कनेक्टर काढत चला. ज्याचा काढल्यावर ४० चे ६० होतात, तोच चोर. काढताना येणारी ए पुढे जाणाऱ्या ए ला आणि येणारी बी पुढे जाणाऱ्या बी ला मात्र जोडलेली राहू द्या.

प्रोफिबसला (आरएस-४८५ वरच चालणाऱ्या दुसऱ्या भाषेला) हे आकडे लावू नका, तिथे ए-बीमधला रेझिस्टर २२० ओहमचा असतो.