पहिलं बाळंतपण: कळा मोजायच्या कशा, निघायचं कधी अन् आत गेल्यावर काय काय होतं

वसमतला माझी मावसबहीण आहे, तिला नववा लागलाय आणि ती रोज रात्री जेवणं झाली की फोन करून एकच विचारते, "ताई, कळा सुरू झाल्या हे कळतं कसं गं?" मी आधी म्हणायचे, कळतं बाई आपोआप. सगळ्या बाया हेच म्हणतात. पण खरं सांगायचं तर मला आपोआप काहीच कळलं नव्हतं, मी एकदा उगं धावपळ करून दवाखान्यात जाऊन हात हलवत परत आले होते. म्हणून म्हणलं फोनवर तुकडे तुकडे सांगण्यापेक्षा एकदा बसून सगळं लिहूनच काढावं.

माझं बाळंतपण माहेरी झालं, परभणी जिल्ह्यात, अन् तेही मे महिन्यात. दुपारी पत्रे तापलेले, लाईट कधी जाईल भरवसा नाही, टँकर दिवसाआड. त्यामुळं तयारी आधीच करून ठेवणं किती कामाचं असतं ते मला चांगलं कळलं. आठवा संपायच्या आत दवाखाना ठरवून टाका, शेवटच्या दिवशी "इथं नेऊ का तिथं नेऊ" चालू झालं की घरातले सगळे एकमेकांवर ओरडत बसतात. सगळं नॉर्मल असेल तर जवळच्या सरकारी दवाखान्यात चालतंय, पण हिमोग्लोबिन लई कमी असेल, बीपी असेल, जुळं असेल किंवा सोनोग्राफीत बाळ आडवं नाहीतर पायाळू दिसत असेल तर जिथं ऑपरेशन होतं अन् रक्त मिळतं तिथंच नाव नोंदवा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर झालं तरी, औषधं, रक्त, जेवण, घरून न्यायला अन् परत सोडायला गाडी, हे सगळं फुकट असतं, २०११ पासून तशी योजनाच आहे. १०२ आणि १०८ दोन्ही नंबर घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये टाकून ठेवा, सासऱ्यांच्या बटनाच्या मोबाईलमध्ये पण. आणि गाडी येईपर्यंत वाट बघावी लागू शकते, म्हणून गल्लीत कोणाची जीप किंवा ऑटो आहे, तो रात्री उठतो का, हेही विचारून ठेवा. आशाताईला तारीख माहीत असू द्या. पहिल्या बाळाला सरकारच्या मातृवंदना योजनेचे ५००० रुपये हप्त्यानं मिळतात, तो फॉर्म पण तिच्याकडूनच भरून घ्या.

पिशवीत काय भरायचं याचे लई व्हिडिओ आहेत, मी फक्त जे खरंच लागलं ते सांगते. माता बाल कार्ड, सगळे सोनोग्राफीचे अन् रक्ताचे रिपोर्ट, आधार, बँकेचं पासबुक, हे एका प्लास्टिकच्या पिशवीत. आज्जीच्या जुन्या लुगड्याचे धुऊन कडक उन्हात वाळवलेले फडके, आठ-दहा तरी, नवीन कापड बाळाला टोचतं. टोपरं, दुपटं, समोरून उघडणारे दोन गाऊन, मोठे पॅड, रबरी चप्पल, बादली-मग, थर्मास, चार्जर. सोनं घरी ठेवा. हातातल्या काचेच्या बांगड्या पण कमी करा, सलाईन लावताना त्रास होतो. रक्तगट निगेटिव्ह असेल तर पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहा, कारण बाळ पॉझिटिव्ह निघालं तर ७२ तासांच्या आत आईला एक इंजेक्शन घ्यावं लागतं अन् गडबडीत ते विसरायला नको.

आता कळा.

शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत पोट अधूनमधून दगडासारखं कडक होतं अन् सुटतं. ते सराव आहे समजा. मला शनिवारी संध्याकाळी असंच झालं, मी घाबरून रडायला लागले, भावानं ऑटो बोलावला, खड्ड्याखड्ड्यातून पाऊण तास गेलो. सिस्टरनं तपासलं अन् म्हणाली, "एकच बोट उघडलंय, घरी जा, जेवण कर, झोप." मला इतकी लाज वाटली! पण त्यात लाजायचं काहीच नव्हतं हे आता कळतंय. सिस्टर लोक बोटांत बोलतात, गर्भपिशवीचं तोंड किती उघडलं ते. पूर्ण उघडलं म्हणजे १० सेंटिमीटर. पहिल्या खेपेला पहिले चार-पाच सेंटिमीटर उघडायलाच लई वेळ लागतो, कधीकधी अख्खा दिवस अन् रात्र पण, आणि तो वेळ घरी काढलेला बरा, तिथल्या बाकड्यावर बसून नाही.

सोमवारी रात्री परत सुरू झालं तेव्हा माझ्या आईनं एक काम केलं. भिंतीवरचं कालनिर्णय काढलं, मागच्या पानावर पेन्सिलीनं टाइम लिहायला लागली. मी "आली" म्हणलं की लिहायची, "गेली" म्हणलं की पुढं रेघ मारायची. ते पान अजून माझ्याकडं आहे. वरती १०.४०, मग १०.५२, मग एकदम ११.१५, मग ११.२३, काही मेळच नाही. मधे मी पाणी पिऊन कुशी बदलून पडले तर अर्धा तास काहीच नाही. अन् खाली, पहाटेचं, २.१०, २.१५, २.२०, २.२४, २.२९. माय चौथीपर्यंत शिकलेली आहे पण त्या आकड्यांकडं बघून तीच म्हणाली, "आता खऱ्या यायलेत."

तर मोजायचं असं. एक कळ सुरू झाली तिथपासून दुसरी सुरू होईपर्यंतचा वेळ धरायचा, संपली तिथून नाही. खोट्या कळा चालल्यावर, कूस बदलल्यावर, पाणी प्यायल्यावर कमी होतात. खऱ्या कळा काही केल्या थांबत नाहीत, कमरेतून सुरू होऊन पुढं ओटीपोटात येतात, अन् दर वेळी थोड्या जवळ जवळ, थोड्या जास्त वेळ टिकणाऱ्या, थोड्या जास्त जोराच्या होत जातात. दर पाच मिनिटाला, एक-एक मिनिट टिकणारी, असं तासभर चाललं की निघा. कळ आली की बोलता येत नाही, हसता येत नाही, ही पण एक खूण आहे. पण दवाखाना तासाभरापेक्षा लांब असेल, रस्ता खराब असेल किंवा पावसात नाल्याला पाणी येत असेल तर एवढं थांबू नका, दहा मिनिटाला एक आली तरी चला. ऊसतोडीला फडावर असणाऱ्या बायांनी तर नववा लागायच्या आतच दवाखान्याजवळ मुक्काम करावा असं माझं स्पष्ट मत आहे, मुकादम काही म्हणू दे.

आणि काही गोष्टींत मोजत बसायचंच नाही, सरळ निघायचं. पाणी गेलं तर, कळा असोत नसोत. किती वाजता गेलं अन् रंग कसा होता ते लक्षात ठेवा, हिरवट असेल तर बाळानं आत शी केलेली असू शकते, एक मिनिट घालवू नका. लाल रक्त वाहिलं तर. बाळाची हालचाल कमी झाली तर. डोकं लई ठणकतंय, डोळ्यापुढं अंधारी यायली, चेहरा सुजलाय, तर ते बीपीचं असतं, झटके येऊ शकतात. नुसता चिकट, रक्ताचा धागा असलेला शेंबडासारखा स्राव गेला तर मात्र घाबरू नका, तोंड उघडायला लागल्याची ती खूण असते, पण त्यानंतर एखादा-दोन दिवस पण लागू शकतात.

निघायच्या आधी मी आईच्या हातची पातळ मुगाची खिचडी खाल्ली चार घास. डॉक्टरांनी नाही म्हणलं नसेल तर हलकं खाऊन घ्या, पाणी तर प्याच, मे महिन्यात बिनपाण्याचं कळा देणं म्हणजे भर उन्हात नांगर धरणं.

आत गेल्यावर काय होतं ते कोणी सांगत नाही म्हणून सांगते. आतून तपासतात, ते दुखतं, लाज वाटते, श्वास सोडून अंग ढिलं सोडलं तर कमी दुखतं. बाळाचे ठोके ऐकतात. मग वाट बघायची. नुसतं पाठीवर उताणं पडून राहू नका, परवानगी असेल तर चाला, नाहीतर डाव्या कुशीवर पडा, दोन तासाला लघवीला जाऊन या कारण भरलेली लघवीची पिशवी बाळाच्या वाटेत येते. कळ आली की नाकानं श्वास घ्यायचा अन् तोंडानं फुंकर घातल्यासारखा हळूहळू सोडायचा, चुलीवर फुंकणी धरतो तसा. ओरडू नका म्हणत नाही मी, मी पण ओरडले, पण ओरडल्यानं ताकद जाते अन् पुढं लागते. माझी मोठी जाऊ सोबत होती, तिनं प्रत्येक कळेला माझ्या माकडहाडावर तळव्यानं जोरात दाबून धरलं. मला वाटतं त्या सात तासांत गोळीसारखं कामी आलं असेल तर तेवढंच. सोबत एक बाई माणूस असू द्यावं असं २०१७ च्या केंद्राच्या 'लक्ष्य' कार्यक्रमातच आहे, त्यामुळं नम्रपणे पण ठामपणे विचारा. मला एका सिस्टरनं "तेव्हा नाही कळलं का" असलं घाण बोलून दाखवलं होतं. त्याचं उत्तर माझ्याकडं तेव्हा नव्हतं, जाऊबाईकडं होतं. ती फक्त म्हणाली, "ताई, तुम्ही तपासा, बोलायचं मी बघते."

कमरेतून सुई देऊन दुखणं कमी करतात ते आपल्याकडं सगळीकडं मिळत नाही, त्याच्या भरवशावर राहू नका. कळा वाढवायचं सलाईन लावलं तर कळा एकदम जोरात अन् जवळ जवळ येतात. कशासाठी लावायलेत हे विचारायचा हक्क आहे आपला.

शेवटी शेवटी एक वेळ येते, पाय लटलट कापतात, उलटी होते, थंडी वाजते, अन् बाई म्हणते मला नाही जमत, मला सिझर करा, मला घरी न्या. मी तर नवऱ्याचं नाव घेऊन शिव्या दिल्या, ते बिचारे बाहेर वडाच्या पारावर बसलेले. असं झालं की समजायचं, बहुतेक आता थोडंच राहिलंय. मग शी लागल्यासारखा दाब येतो. तो आला की सिस्टरला सांगा, पण पूर्ण उघडल्याशिवाय जोर लावायचा नाही, तोवर कुत्र्यासारखं धापा टाकत छोटे श्वास घ्यायचे. नंतर जोर लावायचा तो गळ्यातून नाही, खाली, शी घट्ट झाल्यावर लावतो तसा, हनुवटी छातीला टेकवून. खरंच शी होते थोडी, होऊ द्या, तिथल्या लोकांना त्याचं काही वाटत नाही. पहिल्या बाळाला यात दोन-तीन तास पण लागू शकतात. कोणी पोटावर चढून वरून दाबायला लागलं तर नको म्हणा, त्यानं आईला अन् बाळाला दोघांना इजा होऊ शकते. डोकं बाहेर येताना आग होते, मिरची लागल्यासारखी, तेव्हा सिस्टर "आता जोर नको, फुंकर मार" म्हणते, ते ऐका, टाके कमी पडतात.

बाळ आलं की संपलं असं वाटतं, पण वार (बाळाला आत पोसणारा, नाळेला जोडलेला गोळा) पडायची राहिलेली असते, साधारण अर्ध्या तासात पडते. मांडीला एक इंजेक्शन देतात, जास्त रक्त जाऊ नये म्हणून. बाळाला पुसून लगेच छातीवर उघडं ठेवायला सांगा अन् पहिल्या तासात पाजा. पहिलं पिवळं घट्ट दूध, चीक, ते पिळून टाकायला सांगणारी एक तरी आज्जी प्रत्येक घरात असते. तिला हो म्हणा अन् बाळाला पाजा. मध नाही, गूळपाणी नाही, घुटी नाही. दूध येईना म्हणून रडू नका, पहिल्या दिवशी बाळाचं पोटच एवढंसं असतं, दिवसरात्र मिळून आठ-दहा वेळा लावत राहा, तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती भरून येते. बाळाला २४ तासांच्या आत कावीळ ब ची लस, शिवाय बीसीजी अन् पोलिओ. नाळेला काही लावायचं नाही, हळद नाही, तेल नाही, राख नाही.

घरी आल्यावर माझं खरं भांडण शेगडीवरून झालं. मे महिना, बाहेर ४३, आत बंद खोलीत कोळशाची शेगडी अन् ओव्याची धुरी, बाळ लालबुंद. बंद खोलीत कोळसा पेटवू नका, जीव जातो. हिवाळ्यातलं बाळंतपण असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा पण खिडकी उघडी ठेवा. आणि बाळंतिणीला पाणी कमी देतात ते तर साफ चूक, दूध कशाचं होणार मग? बाकी अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाजरीची भाकरी, तोंडाला बाळंतशेपा, हे मजेत खा, लाड करून घ्या, पाचवीला सटवाईची पूजा पण होऊ द्या. टाक्यांना कोमट पाण्याच्या टबात दिवसातून दोनदा बसलं की बरं वाटतं. पण तासाभरात एक पॅड पूर्ण भिजत असेल, ताप आला, घाण वास यायला लागला, पिंडरी दुखून सुजली, किंवा बाळ दूध ओढेना, सुस्त पडलं, तर सव्वा महिना पूर्ण व्हायची वाट बघू नका, परत जा. सारखं रडू यायलंय, बाळाजवळ जावंसं वाटंना, हे दोन आठवड्यांच्या वर चाललं तर ते पण डॉक्टरांना सांगायचं असतं, दृष्ट काढून जात नाही ते.

राहिला जन्मदाखला. २१ दिवसांच्या आत नोंद फुकट होते, सरकारी दवाखान्यात झालं तर तिथूनच होते. बाळाचं नाव ठरलं नसेल तरी नोंद करा, नाव नंतर टाकता येतं. फक्त सुट्टी व्हायच्या आधी आईच्या अन् बापाच्या नावाची स्पेलिंग आधारशी लावून बघा, मी नाही बघितली, माझ्या आडनावातल्या 'ळ'चा 'ल' झाला अन् तो नीट करायला बाळाचे बाबा चार वेळा जाऊन आलेत.