झाडं लावण्याआधी नकाशा तपासा: या चुका टाळा

जून तोंडावर आला की माझ्याकडे नकाशे यायला लागतात. कुणाला वॉर्डात झाडं लावायची असतात, कुणाला तलावाकाठी पायवाट हवी असते, कुणी लेआउटमधल्या मोकळ्या जागेवर बाग मागत असतं. मेहनत खरी असते, तळमळही खरी असते आणि चुका दरवर्षी त्याच असतात. त्यातल्या दोन चुकांवर मी सविस्तर लिहितोय, कारण त्यांनी केलेलं नुकसान डोळ्यांनी पाहिलंय.

एकाच तारखेचं उपग्रह चित्र

चित्र निवडताना नवीन माणूस एवढंच बघतो की ढग नकोत. नागपुरावर स्वच्छ आकाश मिळतं उन्हाळ्यात. मग एप्रिलचं चित्र उतरवायचं, त्यावर एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाचा निर्देशांक, काढायचा आणि आकडा कमी आला तिथे ‘जागा रिकामी’ असं लिहून मोकळं व्हायचं. पण आपल्याकडचं रान पानगळीचं आहे. साग, सालई, मोई एप्रिलात उघडी उभी असतात. निर्देशांकाला पान कळतं, नुसतं खोड कळत नाही.

शहराच्या कडेला, काटोल रोडच्या बाजूला एक मुरमाड जागा होती. तिथे वृक्षारोपण करणाऱ्या एका गटानं मला नकाशा दाखवला तेव्हा मे संपत आला होता आणि खड्डे खणून झाले होते. मी चित्राची तारीख विचारली. एप्रिलचा दुसरा आठवडा. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जागेवर गेलो. खड्ड्यांच्या रांगा सरळ राखाडी खोडांमधून गेल्या होत्या आणि मातीच्या ढिगांत तुटलेली मुळं दिसत होती. ‘ही वाळलेली झाडं आहेत, नंतर काढू,’ असं एक मुलगा म्हणाला. राखणीला असलेल्या बाबांनी काही न बोलता एका फांदीचं टोक वाकवलं, नुकताच फुटलेला कोंब खुडला आणि तळहातावर चोळला. हात लालभडक झाला. ‘साग हाये जी हा. पाणी पडू द्या, मंग पाहा.’

रोपं आली होती, पाहुणे ठरले होते, म्हणून गटानं लागवड उरकली. ऑगस्टमध्ये मी परत गेलो. सागाला सुपाएवढी पानं आली होती आणि खाली भर दुपारी अंधार होता. रोपं उजेडासाठी लांबट, पिवळी झालेली. दिवाळीपर्यंत बहुतेक गेली. जागेवर एक चक्कर आधी मारली असती तर ती रोपं दुसरीकडे जगली असती. घरबसल्या चित्र उतरवता येतं म्हणून ही चक्कर टाळणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

ऑक्टोबरचं चित्र घेतलं तर उलटा घोटाळा होतो. तरोटा, गाजर गवत, रिकाम्या प्लॉटवरचं रान, तलावावरची जलपर्णी, सगळं हिरवंगार. निर्देशांक सांगतो की भागात भरपूर हिरवळ आहे, आणि तिथे बसायला सावली म्हणून एक झाड नसतं.

मी तीन चित्रं घेतो: ऑक्टोबर अखेरचं, डिसेंबर-जानेवारीचं आणि एप्रिल अखेरचं. मधल्या चित्रावर माझा जास्त भरवसा, कारण तोवर गवत वाळलेलं असतं आणि सागाची पानं बरीचशी टिकून असतात. एप्रिलातही जे हिरवं उरतं ते बहुधा पाणी दिलेली हिरवळ असते, नाहीतर करंज, पिंपळ, कडुनिंब. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात आणि साधारण दर पाच दिवसांनी नवीन येतं, त्यामुळे तीन तारखा मिळाल्या नाहीत ही सबब चालत नाही. मात्र त्याचा एक चौकोन १० मीटर बाय १० मीटरचा असतो. रस्त्याकडेचा एकटा कडुनिंब त्यात डांबराशी मिसळून जातो. रस्त्यावरची झाडं मोजायची तर चालत जाऊन मोजा.

मोजमाप चुकीच्या प्रक्षेपणात

प्रक्षेपण म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायची पद्धत. मोबाइलवर आणि वेबवर दिसणारे बहुतेक नकाशे वेब मर्केटर प्रक्षेपणात असतात. ते बघण्यासाठी ठीक आहे, मोजण्यासाठी नाही. विषुववृत्तापासून जितकं लांब जाल तितकं त्यात सगळं ताणलं जातं. नागपूर २१ अंश उत्तरेला आहे, म्हणून इथे लांबी सुमारे ७ टक्के आणि क्षेत्रफळ सुमारे १५ टक्के जास्त येतं. एक हेक्टरची बाग कागदावर १.१५ हेक्टर होते, आणि त्या हिशोबानं मागवलेली रोपं मग दाटीवाटीनं कोंबली जातात.

एका तलावाभोवतीच्या पायवाटेचा प्रस्ताव असाच गेला होता. लांबी २,४०० मीटर, त्यावरून फरशी, दिवे, बाकं, सगळ्यांचा अंदाज. जागेवर मोजणीचं चाक फिरवलं तेव्हा २,२४० भरले. फाइल परत आली. आकडे खोटे फुगवले असं मानलं गेलं, आणि ज्यांनी सहा महिने संध्याकाळी बसून हे काम केलं होतं त्या मुलांना खाली मान घालावी लागली. दुरुस्त अंदाजपत्रक होईस्तोवर पावसाळा सरला.

मोजण्यासाठी यूटीएम हे प्रक्षेपण घ्या, ते पृथ्वीचे उभे पट्टे पाडतं. नागपूरसाठी त्यातला ४४ उत्तर पट्टा लावा, क्यूजीआयएस या नकाशांच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये त्याचा क्रमांक ईपीएसजी ३२६४४. पुण्या-मुंबईच्या मित्राकडून तयार प्रकल्प घेतला असेल तर त्यात ४३ वा पट्टा असणार. ७८ अंश रेखांशाला पट्टा बदलतो आणि आपण ७९ वर आहोत. त्या चुकीनं किलोमीटरमागे पावणेदोन-दोन मीटरच फरक पडतो, पण कुंपणाच्या वादात तेवढाही पुरतो. आणखी एक: क्यूजीआयएसच्या सूत्रात डॉलरचं चिन्ह लावलेलं लेंग्थ (लांबी) पृथ्वीची गोलाई धरून मोजतं, प्रकल्पात एलिप्सॉइड, म्हणजे पृथ्वीचा किंचित चपटा गोल आकार, निवडलेला असेल तर. बिनडॉलरचं लेंग्थ सपाट कागदावर मोजतं.

माझी सवय साधी आहे. घरासमोरच्या रस्त्यावर टेप लावून १०० मीटर मोजलेत, दोन्ही टोकांना विजेचे खांब आहेत. नवीन प्रकल्प उघडला की आधी ते दोन खांब मोजतो. १०७ आले की पुढचं काम थांबवतो.

बाकीच्या, थोडक्यात

अक्षांश-रेखांशाची अदलाबदल करू नका. २१ आणि ७९ उलटे टाकलेत की तुमची बाग उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड बेटांजवळ बर्फात जाते.

झाडांची नावं शेपफाइलमध्ये, म्हणजे नकाशाची माहिती साठवायच्या जुन्या फाइल प्रकारात, मराठीत भरलीत की बरेचदा प्रश्नचिन्हं उरतात. जिओपॅकेज हा नवा प्रकार वापरा.

खोडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजा, प्रत्येकानं त्याच उंचीवर.

मौजा नकाशा, म्हणजे गावच्या जमिनींचा सरकारी नकाशा, उपग्रह चित्रावर नुसते चार कोपरे जुळवून बसवू नका. जुनी विहीर, देऊळ, शिवेचा दगड असे दहा-बारा बिंदू घ्या. खसऱ्याची, म्हणजे जमिनीच्या तुकड्याची, हद्द सरकली की झाडं शेजाऱ्याच्या जागेत जातात.

अवकाशयानातून रडारनं मोजलेल्या, फुकट मिळणाऱ्या एसआरटीएम उंचीवरून नाल्याकाठची बाग आखू नका. ती मोजणी फेब्रुवारी २००० ची आहे, त्यानंतर झालेले भराव आणि लेआउट तिच्यात नाहीत. शिवाय ती छपरं आणि झाडांचे शेंडे जमिनीत धरते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचं पाणी घरांत शिरलं, ते कुठवर आलं हे काठावरची माणसं भिंतीवरची रेघ दाखवून सांगतात. ती रेघ जीपीएसनं टिपा.

शेवटची चूक बागेभोवतीच्या वर्तुळाची. घरापासून ३०० मीटरच्या आत बाग असावी हा निकष आता बरेच जण वापरतात, आणि तो चांगला आहे. पण बागेच्या मध्यबिंदूभोवती ३०० मीटरचं वर्तुळ काढलं की रेल्वे रुळापलीकडची घरंही आत येतात. त्या घरातल्या आजीला पुलावरून वळसा घालून दीड किलोमीटर चालावं लागतं, मे महिन्यात, ४५ अंशांत. अंतर रस्त्यानं मोजा आणि फाटकापासून मोजा. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या फुकट नकाशावर बागेची कड असते, फाटक बरेचदा नसतं. या रविवारी ज्या बागेचं काम हाती आहे तिला एक पूर्ण फेरी मारा, प्रत्येक फाटक टिपा, आणि कोणतं सकाळी उघडतं, कोणत्याला कायमचं कुलूप आहे तेही शेजारी लिहा.