हेवीवेट (सर्वांत जड वजनगट) बॉक्सिंग लढतीचा अंदाज: नवा पोरगा जिंकेल की जुना गडी, हे कसं ठरवावं

दोघांच्या जुन्या लढती मोबाईलवर काढून ठेवा. उंची, हातांची लांबी, डावखुरा की उजवा, हे पाच मिनिटांत बघून होतं.

पोराने किती लढती जिंकल्या हा आकडा आधी बाजूला सारा. सुरुवातीला समोर बहुतेक पडणारेच उभे केलेले असतात. एवढंच शोधा की त्याला कुणी जोरात मारलंय का आणि सहाव्या फेरीनंतर तो कसा दिसतो. २०२० मध्ये २३ वर्षांच्या डॅनियल ड्युबुआने पंधराच्या पंधरा लढती जिंकल्या होत्या, त्यातल्या चौदा नॉकआऊटने. ३५ वर्षांच्या जो जॉइसने फेरीमागून फेरी डाव्या हाताचा जॅब (झटक्याने मारलेला सरळ ठोसा) मारून त्याचा डोळा सुजवला आणि दहाव्या फेरीत पोरगा गुडघ्यावर बसून हरला.

आता खरं अवघड काम. जुना गडी नुसता जुना आहे की संपलाय?

इथे मी कित्येक वर्षं फसत आलो. ‘अनुभव कामाला येतो’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. १६ ऑगस्ट २०२५, दहीहंडीची रात्र. रियाधची लढत बघायला मालवणात आम्ही पाचजण जागे होतो. मी ३७ वर्षांच्या डिलियन व्हाइटवर ठाम होतो, कारण तो मोठमोठ्यांशी लढला होता. समोर २० वर्षांचा मोझेस इटाउमा. पहिल्याच फेरीत खेळ आटपला, अनुभव वापरायला व्हाइटला वेळच मिळाला नाही. आमच्यातले तांडेल काका एवढंच म्हणाले, "हात मागसून बघ, आदी पाय बघ." हलत्या होडीत उभं राहून जन्मभर जाळं ओढलेला माणूस तो.

तेव्हापासून मी असं करतो. जुन्या गड्याच्या शेवटच्या दोन लढती आवाज बंद करून लावतो, कारण समालोचक नावावरच भाळलेले असतात. कमरेखालीच नजर ठेवतो. ठोसा मारल्यावर तो बाजूला सरकतो की तिथेच रुतून राहतो? पूर्वी पावलाने चुकवायचा तो मार आता हातांवर झेलतो का? समोरच्याला मिठी मारून श्वास घेतो का? फेरीच्या शेवटच्या मिनिटात टाचा टेकल्या असतील तर तो संपलाय, असं माझं जवळपास ठरतं. मग पाच वर्षांपूर्वीची त्याचीच एक लढत लावून ताडून बघतो. हे टाळू नका. काही जण पहिल्यापासूनच जड पायांचे असतात, त्यांना उगाच संपवलं जातं.

त्याने अलीकडे कुणाला पाडलं यावर तर मुळीच जाऊ नका. ठोशातली ताकद सगळ्यांत शेवटी जाते. १९९४ मध्ये जॉर्ज फोरमन ४५ वर्षांचा होता, गुणांत मागे होता, तरी दहाव्या फेरीत त्याने मायकल मूररला झोपवलं. व्हाइटनेही डिसेंबर २०२४ मध्ये लढत जिंकली होती. मी निकाल बघितला, पाय बघितले नाहीत.

उलट जुलै २०२५ मध्ये, मासेमारीबंदीत होड्या वर काढलेल्या असताना, आम्ही पहाटे युक्रेनच्या ओलेक्झांडर उसिकची लढत बघितली. वय ३८, पण पाय एका जागी ठरत नव्हते. अकरा वर्षांनी लहान ड्युबुआ पाचव्या फेरीत बाद झाला. वय विचारून अंदाज बांधणाऱ्यांनी ती लढत पुन्हा लावावी.

लढतीआधी दोघांचं वजन करतात त्या दिवशी जुना गडी नेहमीपेक्षा बराच जड भरला, तर एक खूण त्याच्या विरोधात धरा.

शेवटी चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहा: कोण, कोणत्या फेरीत, कसा. घंटेआधी चिठ्ठी दुसऱ्याच्या खिशात द्या.