जुन्या गाडीला फ्युएल प्रेशर रेग्युलेटर: घेण्याआधी आणि बसवताना

गाडी पेट्रोल प्यायला लागली, प्लगवर काजळी धरली, की कोल्हापूरच्या उद्यमनगरात गॅरेजवाला कुणीतरी सांगतंच, "रेग्युलेटर (पेट्रोलचा दाब ठरावीक ठेवणारा भाग) बदलून टाका." बदला, पण आधी गेज लावून प्रेशर मोजून घ्या. पुष्कळदा दोष दुसरीकडेच, जसं तुंबलेल्या एअर फिल्टरमध्ये, निघतो.

पद्मिनी, जुनी ॲम्बेसेडर, कार्बोरेटरची मारुती ८०० यांच्या मूळ मेकॅनिकल पंपाला वेगळा रेग्युलेटर लागत नाही. इलेक्ट्रिक पंप बसवला असेल तर मात्र प्रेशर तपासाच. कार्बोरेटरला साधारण २ ते ४ पीएसआय पुरतं. त्याहून फार जास्त झालं तर कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई दाब पेलत नाही आणि पेट्रोल ओसंडून गरम इंजिनवर येतं. एमपीएफआयला, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टर असलेल्या गाडीला, साधारण ३ बार, म्हणजे ४३ पीएसआय लागतं. नेमका आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. एकाचा रेग्युलेटर दुसऱ्याला चालत नाही, दुकानदार काहीही म्हणो.

रेग्युलेटर इंजिनवर असेल तर त्याची व्हॅक्युमची बारीक नळी काढून बघा. आत पेट्रोल दिसलं की डायफ्राम, म्हणजे रेग्युलेटरमधला लवचिक पडदा, फाटला समजा. टाकीतल्या पंपासोबत असेल तर ते काम गॅरेजवर सोडा.

घेताना इथेनॉलला टिकणारा डायफ्राम आणि ओ-रिंग मागा. ऊस आणि धान्यापासूनचं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असतं, आणि जुनं रबर त्यानं खराब होतं.

काम सकाळी, इंजिन थंड असताना, उघड्यावर करा. विडी-सिगारेट नको, जळता बल्बही नको. पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवा. इंजिन सुरू करून पंपाचा फ्यूज काढा, ते आपोआप बंद पडेल. एक-दोनदा स्टार्टर मारा, मग बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. तरी नळीत थोडं प्रेशर उरतं, म्हणून डोळ्यांना चष्मा लावा आणि जोडावर फडकं गुंडाळूनच तो सैल करा.

नवी ओ-रिंग इंजिन ऑइलचा हात लावून बसवा. जुनी परत वापरू नका. कार्बोरेटरच्या गाडीत रेग्युलेटर सायलेन्सरच्या पाइपापासून लांब, बॉडीवर घट्ट बसवा. इन आणि आउटच्या खुणा पाहा, रिटर्न लाइन असेल तर ती मोकळी आहे ना बघा. एमपीएफआयला हाय प्रेशरचीच फ्युएल नळी हवी. साधा पाण्याचा पाइप लावलेली गाडी मी पाहिली आहे, आणि मालक निर्धास्त!

फ्यूज आणि बॅटरी जोडून, इंजिन न सुरू करता, चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करा आणि जोड तपासा. कोरडे असतील तरच इंजिन सुरू करून गेजवर आकडा बघा. पहिली फेरी रंकाळ्याभोवती मारा, गगनबावड्याचा घाट नंतर. परत आल्यावर प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवा. तो ओला झाला, तर गाडी तिथंच बंद ठेवा.